पामला जरा एकटं सोडा!

नवा फ्लॅट, नवा सोफा आणि कोपऱ्यात हिरवागार पाम. लुक एकदम परफेक्ट... निदान पहिले दोन महिने! माझा पहिला अरेका पाम दहाव्या आठवड्यातच गेला. कुंडी उचलून नर्सरीत नेली, तर माळीकाकांनी झाड उपटलं, मुळं हुंगली आणि म्हणाले, "बुडून मेलंय हे." मुळं काळी पडलेली, कुजका वास. घरी चौकशी केल्यावर उलगडा झाला. सकाळी ऑफिसला निघताना मी पाणी घालायचे, दुपारी कामाच्या मावशी आणि रात्री फ्लॅटमेट. तिघींचाही भारी जीव होता त्याच्यावर!

तेव्हा पाण्याचं टाइमटेबल विसरा आणि सरळ मातीत बोट खुपसा. वरची दोनेक इंच माती कोरडी लागली, तरच पाणी घाला. मग मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि बशीत साठलेलं ओतून टाका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा लागेल, पावसाळ्यात आठ-दहा दिवस नाही लागलं तरी टेन्शन नको. आणि हो, हौसेनं आणलेल्या त्या सिरॅमिकच्या कुंडीला भोक आहे ना? नसेल तर नर्सरीची प्लास्टिकची कुंडीच तिच्यात ठेवा. पाणी घालताना तेवढी बाहेर काढायची.

जागा खिडकीजवळची, पडद्याआडून उजेड येणारी. दुपारचं ऊन थेट लागलं की पानं करपतात. एसीच्या झोताखाली ठेवलात तर टोकं तपकिरी होणारच. नळाच्या पाण्यातले आणि खतातले क्षार साचूनही तसंच होतं. ती टोकं कात्रीनं खुशाल छाटा, पण शेंड्याला हात लावू नका. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड संपलं, बाजूनं फांदी फुटत नाही.

देठ पिवळे दिसले म्हणून लगेच घाबरूही नका. या मादागास्करच्या पाहुण्याचं शास्त्रीय नावच 'ल्युटेसेन्स', म्हणजे पिवळसर होणारा.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर अरेका सेफ आहे. 'सागो पाम' मात्र आणू नका. तो खरा पाम नाही, सायकस आहे आणि कुत्र्यानं चघळला तर जिवावर बेतू शकतं.

'घरातली हवा शुद्ध होते' हे सेल्समनचं लाडकं वाक्य. नासानं १९८९ मध्ये केलेले प्रयोग बंद चेंबरमधले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. इमारतीत खेळणाऱ्या साध्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. म्हणजे सोफा बाहेर आणि आपण जंगलात! त्यापेक्षा खिडकी उघडा. पाम आवडतो म्हणून आणा, बस्स.

माझा दुसरा पाम आता दीड वर्षाचा झालाय. परवाच त्याला भाल्यासारखं मिटलेलं नवं पान आलंय. फ्रिजवर चिठ्ठी आहे : 'पामला पाणी फक्त मीच घालणार.' फ्लॅटमेटनं ऐकलंय. मावशी मात्र रोज त्याच्यासमोर थबकतात आणि म्हणतात, "ताई, तहानलंय हो बिचारं!"