उचलावे जॅकने, धरावे टेकूने

रस्त्यावर वाहनाचे चाक बदलताना घ्यावयाची दक्षता

धानाची मळणी आटोपली म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील रस्त्यांवर पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. कोणी मूलकडे, कोणी ब्रह्मपुरीकडे, तर कोणी वडश्याच्या गिरण्यांकडे माल नेतो. पूर्वी हाच माल बंडीने जात असे. आता ट्रॅक्टर आला, जीप आली, मालवाहू छोटी गाडी आली. मात्र दोन गावांमधील जंगल जेथे होते तेथेच आहे. अशा रस्त्यावर टायर पंक्चर झाल्यास जवळ दुरुस्तीचे दुकान नसते. अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागांतील काही टप्प्यांत मोबाईलची रेंजही मिळत नाही. मग चाक बदलण्याचे काम चालकास स्वतःच करावे लागते.

हे काम अर्ध्या तासाचे असले तरी तेवढा वेळ कित्येक क्विंटलांचा भार माणसाच्या हातापायांशेजारी अधांतरी राहतो. जॅक घसरला तर सावरावयास क्षणही मिळत नाही. म्हणून जॅक कोणता घ्यावा व तो कसा लावावा, हे घरीच शिकून घेणे अगत्याचे आहे.

बंडीची जुनी रीत

बंडीच्या चाकास वंगण घालण्याची रीत वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. दोघे जण बंडीची एक बाजू उचलून धरीत व तिसरा तिच्याखाली भक्कम लाकडाचा टेकू देई. भार टेकूवर नीट बसला म्हणजे मगच खीळ काढून चाक बाहेर ओढावयाचे. उचलणाऱ्याच्या खांद्यावर भार ठेवून चाक काढण्याचे साहस शहाणा माणूस करीत नसे.

मोटारीचा जॅक म्हणजे हे उचलणारे खांदेच होत. उचलणे हे त्याचे काम आहे. धरून ठेवणे हे टेकूचे काम आहे. या एका नियमाचा विसर पडल्यानेच माणसे जायबंदी होतात.

जॅकचे प्रकार

बहुतेक मोटारींसोबत मिळतो तो कात्रीसारखा उघडणारा स्क्रू जॅक. त्याचा दांडा फिरविला की तो वर चढतो. आट्यांच्या घर्षणामुळे तो आपोआप खाली येत नाही, हा त्याचा गुण. पण त्याची बैठक अरुंद असल्याने गाडी थोडी पुढेमागे सरकली तरी तो कलंडतो, हा त्याचा दोष. तो गाडीच्या कडेखाली कारखान्याने खूण केलेल्या खाचेतच लावावा. अन्यत्र लावल्यास पत्रा दबतो व जॅक निसटतो.

जीप, ट्रॅक्टर व ट्रॉली यांसाठी तेलावर चालणारा बाटली जॅक सोयीचा. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. त्याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. जॅकमधील पंपाचा दट्ट्या बारीक व भार उचलणारा दट्ट्या रुंद असतो. रुंद दट्ट्याचे क्षेत्रफळ वीसपट असेल तर लावलेल्या जोराच्या जवळजवळ वीसपट जोर वर मिळतो. त्यात दांड्याच्या तरफेची भर पडते. एकटा माणूस टनावारी ओझे उचलू शकतो तो यामुळे. परंतु हा सारा भार तेल आणि आतील लहानसे सील यांवर तोललेला असतो. सील झिजले की दट्ट्या हळूहळू बसतो. फाटले की एकदम बसतो.

गॅरेजमधील चाकांचा जॅक पक्क्या फरशीवर उत्तम चालतो. कच्च्या रस्त्यावर मात्र त्याची चाके रुततात.

किती टनी जॅक घ्यावा

जॅकवर त्याची क्षमता लिहिलेली असते. जे चाक उचलावयाचे त्यावर येणाऱ्या भाराच्या निदान दुप्पट क्षमतेचा जॅक असावा. समजा, ट्रॉलीत ७५ किलोची ६० पोती आहेत. त्यांचे वजन ४,५०० किलो झाले. ट्रॉलीचे स्वतःचे वजन दीड टन धरल्यास एकूण सहा टन होतात. दुचाकी ट्रॉलीत यातील बहुतेक भार दोन चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर तीन टनांच्या आसपास येतो. तेथे दोन टनी जॅक लावणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. दहा टनी जॅक जवळ असावा व शक्य तर पोती आधी उतरवून घ्यावीत. पोती उतरविण्याचे श्रम माणसाच्या हातापायांहून महाग नाहीत.

क्षमतेइतकीच उंचीही पाहावी. टायर बसला की एक्सल काही इंच खाली येतो. मिटलेला जॅक त्या फटीत शिरला पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर हवा भरलेले चाक बसण्याइतकी उंची मिळाली पाहिजे. जॅक विकत घेताच घरी एका चाकाची हवा काढून ही परीक्षा करावी.

चाक बदलण्याचा क्रम

१. गाडी वळण, उतार व पूल टाळून सपाट आणि टणक जागी घ्यावी. त्यासाठी पंक्चर चाकावर थोडे अंतर हळू जावे लागले तरी जावे. टायरपेक्षा जीव मोलाचा.

२. सर्वांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. धोक्याचे दिवे लावावेत व मागे निदान पन्नास पावलांवर चकाकणारा त्रिकोण ठेवावा. दगड मांडून ते तसेच टाकून जाऊ नये. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्याने घात होतो.

३. हॅण्डब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी. जे चाक काढावयाचे त्याच्या तिरकस समोरील चाकास पुढून व मागून पाचर लावावी. बहुतेक मोटारींत हॅण्डब्रेक मागील चाकांवरच चालतो. मागचे एक चाक उचलले की त्याचा निम्मा आधार जातो, म्हणून पाचर कधीही टाळू नये.

४. चाक जमिनीवर असतानाच सर्व नट थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर पान्यास झटके दिल्यास ती जॅकवरून ढकलली जाते.

५. जॅकखाली सागाची अथवा बिजाची एक फूट चौरस व दोन इंच जाड फळी ठेवावी. पावसानंतर बाजूचा मुरूम व काळी माती भुसभुशीत होते आणि जॅक एका अंगास रुततो. वीट भाराखाली फुटते, दगड गरगरतो; दोन्ही वर्ज्य समजावीत.

६. स्टेपनी गाडीच्या चॅसीखाली आडवी सरकवून ठेवावी. चाक निघाले की ते तेथे ठेवून स्टेपनी बाहेर घ्यावी. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नव्हे. रस्त्यावर हाच टेकू होय.

७. अंगाचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. खाली शिरून करावयाचे काम असेल तर गाडी गॅरेजमध्ये न्यावी व ज्यास तेथे घोडी म्हणतात त्या लोखंडी टेकूवर ती चढवावी.

८. नवे चाक बसवून नट तिरकस क्रमाने हाताने आवळावेत. गाडी खाली घ्यावी व मग पूर्ण जोर लावून तोच क्रम पुन्हा करावा. सुमारे पन्नास किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत.

ट्रॅक्टर व ट्रॉलीबाबत विशेष

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून उचलू नये. सुटलेली दुचाकी ट्रॉली पुढे अथवा मागे उलटते. जॅक एक्सलखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ लावावा. तळाच्या पत्र्याखाली लावू नये. जॅकशेजारी लाकडी ठोकळ्यांची चळत रचून तिचा टेकू द्यावा.

ट्रॅक्टरचा पुढील एक्सल मध्यभागी खिळीवर डोलतो. एक बाजू उचलताना इंजिनाचा भाग दुसरीकडे झुकू नये म्हणून एक्सल व वरील चौकट यांमध्ये दोन्ही बाजूंस लाकडी पाचर ठोकावी. मागील टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास ते चाक एकट्याने काढू नये. ते अंगावर पडल्यास सावरता येत नाही.

जंगलातील रस्ता

ताडोबाच्या आसपासच्या रस्त्यांवर वाघ व अस्वल यांचा वावर आहे. २०२१ साली छत्तीसगढमधून आलेल्या रानटी हत्तींमुळे गडचिरोलीतही दक्षता वाढवावी लागली आहे. संध्याकाळनंतर चाक बसल्यास हळूहळू पुढील वस्तीपर्यंत अथवा वनविभागाच्या नाक्यापर्यंत जाणे श्रेयस्कर. ते अशक्य असल्यास एकाने काम करावे व दुसऱ्याने विजेरी घेऊन चौफेर लक्ष ठेवावे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद पडतो. अशा दिवसांत नाल्याच्या पात्रात किंवा ठेंगण्या पुलावर चाक बदलण्यास थांबू नये.

निगा व ग्रामसेवकांचे कार्य

स्क्रू जॅकच्या आट्यांना ग्रीस लावावे. तेलाचा जॅक उभा ठेवावा. त्यात जॅकचेच तेल घालावे, ब्रेकचे तेल सीलचा नाश करते. वर्षातून एकदा भार उचलून, खाली ठोकळे देऊन, दहा मिनिटे थांबावे. दट्ट्या खाली बसू लागल्यास सील बदलावे.

ग्रामसेवकांनी गावात ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलावून हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. त्यासाठी पोळ्याचा सुमार सोयीचा. पोळ्यास शेतकरी बैलाचे खांदे शेकतो, कारण वर्षभर ओझे त्यावरच असते. त्याच दिवसांत जॅक, पाना, फळी, पाचर व स्टेपनी ही पाचही बाहेर काढून तपासली, तर कापणीनंतरच्या वाहतुकीस घर सज्ज होईल. ज्याच्या ट्रॉलीत धान्य आहे, त्याची घरी वाट पाहिली जात असते. तो धडधाकट परतावा, यासाठी टेकूचा लाकडी ठोकळा पुरेसा आहे.