बुद्धिबळातील स्पर्शनियम आणि खिलाडूवृत्ती : खेळी मागे घेण्याच्या प्रश्नाचा विचार

सारांश

स्पर्धात्मक बुद्धिबळात हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते आणि घरावर ठेवून सोडलेली सोंगटी तेथेच राहते. या दंडकाकडे अनेकदा केवळ तांत्रिक नियम म्हणून पाहिले जाते आणि त्याचा आग्रह धरणाऱ्या खेळाडूला कोत्या मनाचा समजले जाते. प्रस्तुत लेखात या नियमाचे स्वरूप, त्यामागील तत्त्व आणि काही गाजलेले प्रसंग यांच्या आधारे खेळी मागे घेण्याच्या प्रश्नाची नैतिक बाजू स्पष्ट केली आहे. मैत्रीच्या डावात दिलेली सवलत हे औदार्य असले, तरी स्पर्धेत दिलेली सवलत इतर स्पर्धकांच्या हक्काला बाधा आणते, हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजशब्द : बुद्धिबळ, स्पर्शनियम, खिलाडूवृत्ती, पंच, आक्षेप

१. प्रस्तावना

पराभव दिसू लागताच नियमांना फाटा देणाऱ्या खेळाला मराठीत ‘रडीचा डाव’ म्हणतात. घरगुती बुद्धिबळात या रडीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे चाल परत घेणे. वजीर मारला जाणार हे लक्षात आले की ‘थांब, मी बघितलंच नव्हतं’ असे म्हणून सोंगटी मागे नेली जाते, आणि समोरचाही बहुधा हसून ते चालवून घेतो. अशा वातावरणात वाढलेला विद्यार्थी प्रथमच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, तेव्हा त्याला वेगळ्याच शिस्तीला सामोरे जावे लागते. प्रतिस्पर्ध्याने पंचांना बोलावले तर ते त्याला अखिलाडूपणाचे वाटते. उलट, स्वतःवर तशीच वेळ आली तर आक्षेप घेण्याचा संकोच वाटतो. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी नियमाच्या हेतूविषयीचा गैरसमज असतो.

२. नियमाचे स्वरूप

१९२४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीतील चौथे कलम सोंगट्या हलवण्याच्या क्रियेविषयी आहे. प्रत्येक खेळी एकाच हाताने करावयाची असते. ज्याची पाळी आहे त्या खेळाडूने चालवण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने स्वतःच्या सोंगटीला स्पर्श केल्यास, ती चालवता येत असेल तर, तीच चालवावी लागते. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीला स्पर्श केल्यास, शक्य असेल तर, तीच मारावी लागते. स्पर्श झालेली कोणतीही सोंगटी नियमानुसार चालवता वा मारता येत नसेल, तर मात्र खेळाडूला कोणतीही वैध खेळी करण्याची मुभा असते. सोंगटी घरावर ठेवून हात काढून घेतला, की ती त्या खेळीत दुसऱ्या घरावर नेता येत नाही. किल्लेकोटाच्या बाबतीत तर स्पर्शाचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावणाऱ्यास त्या बाजूला त्या खेळीत किल्लेकोट करता येत नाही.

घरात वाकडी बसलेली सोंगटी नीट करावयाची असल्यास पाळी असलेल्या खेळाडूने तसा हेतू आधी बोलून दाखवावा लागतो. त्यासाठी ‘जादूब’ हा फ्रेंच शब्दप्रयोग जगभर रूढ आहे. ‘मी नीट करतो’ असा त्याचा अर्थ. उघडपणे अपघाताने झालेला स्पर्श, उदाहरणार्थ बाही लागून सोंगटी पडणे, बंधनकारक नसतो. म्हणजे या नियमाचा खरा विषय बोटे नसून हेतू हा आहे. दृष्टिहीन खेळाडूंसाठीच्या व्यवस्थेत हे अधिक स्पष्ट होते. ते आपल्या पटावरील सोंगट्या सतत चाचपत असतात. म्हणून तेथे सोंगटी तिच्या खाचेतून बाहेर काढली, तरच ‘स्पर्श’ झाला असे मानले जाते.

आणखी एक तरतूद पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. प्रतिस्पर्ध्याने हा नियम मोडला, तर आक्षेप घेण्याचा अधिकार खेळाडूला असतो. मात्र त्याने स्वतः खेळी करण्याच्या हेतूने सोंगटीला हात लावला, की तो अधिकार संपतो.

३. नियमामागील तत्त्व

हा नियम आधुनिक स्पर्धांच्याही आधीचा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॉरल्स ऑफ चेस’ या निबंधात बुद्धिबळापासून मिळणाऱ्या गुणांत दूरदृष्टी, चौफेर अवलोकन आणि सावधपणा यांची गणना केली आहे. त्यांच्या मते यांपैकी सावधपणा अंगी बाणतो तो नियम काटेकोरपणे पाळल्यानेच. कारण आयुष्यातील पुष्कळ कृती अशाच परत न घेता येणाऱ्या असतात. १८४७ च्या हॉवर्ड स्टाँटन यांच्या मार्गदर्शक ग्रंथातही स्पर्शाचा दंडक आढळतो. १८५१ साली लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यापूर्वीच हा दंडक रुळलेला होता.

यामागील कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. बुद्धिबळात फासे नाहीत आणि झाकलेली पानेही नाहीत. दोघांनाही सारा पट सारखाच दिसतो. निकाल ठरतो तो विचाराच्या अचूकतेवर. विचार मनात चालू असेपर्यंत खेळाडू स्वतंत्र असतो. स्पर्शाने तो विचार निर्णयात रूपांतरित होतो. ही सीमारेषा पुसली, तर सोंगटी नव्या घरावर ठेवून, तेथून पट न्याहाळून, समोरच्याचा चेहरा वाचून मग निर्णय करता येईल. स्मरण व कल्पना यांच्या बळावर पुढचे पाहण्याचे कौशल्यच त्यामुळे निरर्थक ठरेल.

४. काही गाजलेले प्रसंग

१९६० साली ब्युनोस आयर्स येथील स्पर्धेत सतरा वर्षांच्या बॉबी फिशर यांनी वुल्फगांग उन्त्सिकर यांच्याविरुद्ध राजाच्या बाजूकडील कडेच्या प्याद्याला हात लावला. ते एक घर पुढे सरकवावयाचे असा विचार होता. परंतु ते प्यादे पांढऱ्याच्या उंटाला फुकट मिळेल हे त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले. तेच प्यादे चालवणे भाग असल्याने त्यांनी ते दोन घरे पुढे नेले. त्यामुळे राजाचा कोट दुबळा झाला आणि २२ खेळ्यांत ते हरले. पुढे हट्टी व भांडखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या या खेळाडूने येथे नियम निमूटपणे स्वीकारला.

१९६७ च्या ट्युनिशियातील सूस येथील आंतरविभागीय स्पर्धेत याउलट घडले. मिलान मातुलोविच यांनी इश्तवान बिलेक यांच्याविरुद्ध केलेली चुकीची खेळी मागे घेतली आणि ‘जादूब’ हा शब्द मागाहून उच्चारला. बिलेक यांनी आक्षेप घेतला, परंतु साक्षीअभावी बदललेली खेळीच कायम राहिली. मातुलोविच यांना मात्र ‘जादूबोविच’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. पंचांना जी शिक्षा देता आली नाही, ती बुद्धिबळजगताने दिली.

सर्वाधिक चर्चा झाली ती १९९४ च्या स्पेनमधील लिनारेस स्पर्धेतील डावाची. गॅरी कास्पारोव्ह यांनी ज्युडिट पोल्गार यांच्याविरुद्ध घोडा एका घरावर ठेवला आणि लगेच उचलून दुसऱ्या घरावर नेला. हात सेकंदाच्या सुमारे चौथ्या भागाइतका वेळ सोंगटीपासून सुटला होता, हे नंतर दूरचित्रवाणीच्या चित्रफितीत दिसून आले. पोल्गार यांनी आक्षेप घेतला नाही व डाव त्या हरल्या. एवढ्या मोठ्या स्पर्धेचे पहिलेच आमंत्रण, समोर कास्पारोव्ह यांच्यासारखा खेळाडू, घड्याळात उरलेला अल्प वेळ आणि आक्षेप फेटाळला गेल्यास वेळेचा दंड होण्याची भीती, अशी कारणे त्यांनी पुढे सांगितली. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या.

२०१६ साली मॉस्को येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत लेवॉन अरोनियन यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. हत्ती-प्याद्यांच्या अंतिम पर्वात डाव बरोबरीत सुटण्याजोगा असताना हिकारू नाकामुरा यांनी राजाला हात लावला आणि मग आपण तो नीट करत असल्याचे सुचवले. अरोनियन यांनी पंचांना बोलावले. नाकामुरा यांना राजाच हलवावा लागला आणि ते हरले.

५. सवलत कोणाच्या हक्काची?

उपरोक्त प्रसंगांतून खिलाडूवृत्तीला दोन बाजू असल्याचे दिसून येते. हात लावणाऱ्याने परिणाम स्वीकारावा, ही पहिली व सर्वमान्य बाजू होय. दुसरी बाजू समोरच्या खेळाडूची असून ती वादग्रस्त आहे. चूक डोळ्यांआड करणे थोरपणाचे नव्हे काय, असा प्रश्न तेथे उपस्थित केला जातो.

या प्रश्नाचे उत्तर २००३ च्या इस्तंबूल येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत सापडते. झुराब आझमाइपारश्विली यांच्याकडून व्लादिमीर मालाखोव्ह यांच्याविरुद्ध खेळ्यांचा क्रम चुकला. त्यांनी केलेली खेळी मागे घेतली आणि आधी अभिप्रेत असलेली खेळी केली. मालाखोव्ह यांनी हरकत घेतली नाही. आझमाइपारश्विली तो डाव जिंकले आणि विजेतेही ठरले. मालाखोव्ह दुसरे आले. हा दोघांमधील व्यवहार वाटला, तरी स्पर्धेत प्रत्येक अर्ध्या गुणाचा संबंध इतरांच्या क्रमांकाशी, पारितोषिकाशी व पुढील संधीशी असतो. मालाखोव्ह यांनी सोडून दिलेल्या गोष्टीत त्या सर्वांचा वाटा होता. जे संपूर्णपणे आपले नाही, त्याचे दान औदार्य ठरत नाही.

फ्रँकलिन यांनीही हा भेद ओळखला होता. नियम काटेकोर पाळावयाचे नसतील, तर ती सूट दोघांनाही सारखी असावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मैत्रीच्या डावात अशी पूर्वसंमती शक्य असते. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत ती शक्य नसते.

पोल्गार यांचा प्रसंग आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आक्षेपाचा भार खेळाडूवर टाकला, की तो सर्वांना सारखा पेलत नाही. नवोदित, वयाने लहान किंवा सभेत एकटा पडलेला खेळाडू नामवंताविरुद्ध हात वर करण्यास कचरतो. अशा वेळी मौनाला संमती समजणे अन्यायाचे होईल. म्हणूनच नियमपालनावर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य पंचांकडे सोपवलेले असून त्यांच्याकडून सक्षमता, सारासार विवेक व निःपक्षपातीपणा यांची अपेक्षा नियमावलीच्या प्रस्तावनेतच व्यक्त झाली आहे.

६. अन्य खेळांतील व्यवस्था

निर्णय कोणत्या क्षणी पक्का होतो, याचे उत्तर प्रत्येक खेळाने आपल्या परीने दिले आहे. जपानी शोगीत नुसता स्पर्श बंधनकारक नसतो. हात सुटताच मात्र खेळी पूर्ण होते आणि ती मागे घेणाऱ्याला डाव गमवावा लागतो. ब्रिजच्या २०१७ च्या नियमांनुसार जीभ घसरल्याने किंवा चुकीचे कार्ड हाती आल्याने झालेली बोली विशिष्ट मर्यादेत बदलता येते. अवधान सुटल्याने केलेली बोली बदलता येत नाही. हाताची चूक क्षम्य आणि बुद्धीची चूक भोग्य, हे सूत्र तपशिलाचा फरक असूनही समान आहे.

७. महाविद्यालयीन स्पर्धांच्या दृष्टीने

महाविद्यालयांत स्पर्धांचे संयोजन पुष्कळदा प्राध्यापकांकडेच असते. त्या दृष्टीने पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

(अ) सराव आणि स्पर्धा यांतील भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करावा. सरावात खेळी मागे घेऊन चुकीचे विश्लेषण करणे हे अध्यापनाचे उत्तम साधन आहे. स्पर्धेत तीच सवय घातक ठरते.

(आ) पहिल्या फेरीपूर्वी स्पर्शनियम मोठ्याने वाचून दाखवावा. अंतिम फेरीत अचानक दाखवलेला कडकपणा पक्षपातासारखा भासतो.

(इ) आक्षेपाची रीत शिकवावी. स्वतःच्या सोंगटीला हात न लावता घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे. प्रतिस्पर्ध्याशी वाद घालू नये. असा आक्षेप म्हणजे भांडण नव्हे, हे पंचांच्या वागण्यातूनही दिसावे.

(ई) वेळेची चणचण असलेल्या पटांजवळ पंचांनी उपस्थित राहावे. साक्ष नसेल तर योग्य निर्णयही देता येत नाही, हे सूसच्या प्रसंगावरून उघड होते.

८. समारोप

स्पर्शनियम मनुष्याची चूक होणारच हे गृहीत धरतो आणि ती चूक कोणी, केव्हा व कशी भोगावी, एवढेच ठरवतो. तो पाळणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा आणि त्याचबरोबर शेजारच्या पटांवर बसलेल्या सर्वांचा मान राखतो. नियमाचा आधार घेणारा खेळाडूही तेच करत असतो. हात लावलेली सोंगटी तक्रार न करता चालवणे आणि गरज पडल्यास शांतपणे पंचांना बोलावणे, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला जमू लागल्या, म्हणजे खिलाडूवृत्तीचे शिक्षण सार्थ झाले असे म्हणता येईल.