प्रौढांसाठी विद्यापीठीय व्यवसाय-मार्गदर्शन

व्यवसाय-मार्गदर्शन म्हटले की दहावी-बारावीचे विद्यार्थीच डोळ्यांसमोर उभे राहतात. वस्तुतः त्याची निकड पस्तिशी-चाळिशीतील स्त्री-पुरुषांस अधिक असते. विद्यार्थ्याची निवड चुकली तर एखादे वर्ष वाया जाते. घर चालविणाऱ्याची चुकली तर गाठीची शिल्लक जाते आणि पुन्हा प्रयत्न करण्याची उमेदही खचते.

आपल्याकडील सेवायोजन कार्यालयांचा आरंभच मुळी प्रौढांसाठी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्यांना कामधंद्यास लावण्याकरिता १९४५ साली ही यंत्रणा उभारण्यात आली. पुढे अनेक विद्यापीठांत रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे निघाली. १९८२ साली हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि शिक्षण सुटलेल्यांना नोकरी सांभाळून शिकण्याची वाट मिळाली.

मात्र वाट मिळणे वेगळे आणि कोणती धरावी हे कळणे वेगळे. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवरील ‘समुपदेशन’ हे बहुधा विषयाच्या अध्यापनापुरते असते. त्यालाच व्यवसाय-मार्गदर्शन समजण्याची गल्लत पुष्कळांकडून होते. खरा मार्गदर्शक प्रथम उमेदवाराजवळ काय आहे ते विचारतो: केलेले काम, मोकळा वेळ, घरची जबाबदारी, खर्चाची ऐपत. बारावीनंतर शाळा सुटलेली आणि दहा वर्षे बालवाडी सांभाळलेली स्त्री ‘बी.ए. व्हायचे आहे’ असे सांगत येते. तिला बालवाडीतच पुढे जायचे असेल, तर तीन वर्षांच्या पदवीपेक्षा बालसंगोपन व शिक्षण या विषयातील पदविका तिला अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो.

सीमाभागातील व परप्रांतीय मराठी भाषिकांनी एक नियम विशेषत्वाने ध्यानात घ्यावा. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या राज्यापुरतेच असते. त्यामुळे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवीत असले, तरी बेळगाव, इंदूर वा मडगाव येथे त्या विद्यापीठाच्या नावाने ‘केंद्र’ चालवून कोणी शुल्क मागत असेल तर सावध राहावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठास ही मर्यादा नाही.

मार्गदर्शनास जाताना गुणपत्रिका, जुन्या कामाचे दाखले व जातीचा दाखला असल्यास तोही बरोबर न्यावा. निवडलेल्या अभ्यासक्रमास त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे किंवा कसे, हे आयोगाच्या यादीत पाहूनच शुल्क भरावे. यादी पाहणे स्वतःस जमत नसल्यास गावच्या शिक्षकांचे साहाय्य घ्यावे.