एका फ्रेममध्ये पुलगावच्या सत्तेचाळीस खेपा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या एखाद्या पोराने मोबाइलवर ‘बीजीएमआय’ हा गेम उघडला आणि ‘एरँगेल’ नकाशा निवडला, की त्याच्या वाट्याला १५८ एकर येतात. नकाशा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. म्हणजे ६४ चौरस किलोमीटर, ६,४०० हेक्टर, एकरांत सांगायचं तर साधारण १५,८००. विमानातून उड्या मारणारे खेळाडू १००. यात समुद्रही धरला आहे, हे खरं. पण ज्या महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीला कुटुंबामागे ५४ एकरांची कमाल मर्यादा आहे, तिथे पाच-सात एकरांत कपाशी, तूर नि थोडी संत्र्याची झाडं सांभाळणाऱ्या घरातल्या पोराला सीलिंगच्या जवळजवळ तिप्पट रान मिळतं. तेही सातबाऱ्याशिवाय.

मग ते रान आवळत जातं. ज्याच्या आत राहून खेळायचं त्या वर्तुळाची त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्र चौथाई होतं. पाचदा निम्मी झाली, तर क्षेत्र १,०२४ पटींनी घटतं आणि १५,८०० एकरांचे जेमतेम १५ उरतात. खेळाचा वेळ अर्धा तास, पण त्याची चाल एकसारखी नाही. पहिली काही मिनिटं घरं धुंडाळण्यात जातात, कुणी दिसतही नाही. शेवटच्या दोन मिनिटांत श्वास घ्यायला फुरसत नसते. खेळाडू पळतो पहिल्याच वेगाने, बंदुकीची गोळीही पहिल्याच वेगाने सुटते. नुसती जमीन कमी करून विलंबिताचा द्रुत केला जातो. गेम बनवणाऱ्यांच्या युक्त्यांत मला ही सगळ्यात हुशार वाटते.

या युक्तीची मोठी बहीण १९७८ची. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये परग्रहावरचे ५५ शत्रू ओळींनी खाली सरकतात. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या यंत्रातला प्रोसेसर इतका तुटपुंजा होता, की पडदा एकदा ताजा होताना एकच शत्रू हलवला जायचा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होई; अशी प्रत्येक वेळ ही एक फ्रेम. म्हणजे पूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला ५५ फ्रेम, जवळपास एक सेकंद. तुम्ही शत्रू मारत गेलात की रांग लहान व्हायची आणि उरलेले आपोआप भराभर चालू लागायचे. शेवटी एकटा उरलेला दर फ्रेमला सरकायचा. वेग वाढवा, असं कुणी यंत्राला सांगितलं नव्हतं. त्याच्यावरचं ओझं कमी झालं, एवढंच. निशिकादोंनी ही खोड दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली. मागे वाजणारे चार ठोकेही शत्रू घटतील तसे जवळजवळ येत गेले.

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. तुलनेसाठी जुना चित्रपट घेऊ. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं मावतात. आख्ख्या चित्रपटाची झाली ५९,२००. त्र्यंबक तेलंगांनी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून ती टिपली. दांड्याची लय बिघडली की पडद्यावरचा हरिश्चंद्र एक तर धावणार किंवा रेंगाळणार. तेवढीच चित्रं आर्वीतला फोन सेकंदाला ६०च्या वेगाने साडेसोळा मिनिटांत काढून संपवतो. सामना अर्ध्या तासाचा धरला, तर १ लाख ८ हजार चित्रं होतात. पडदा १,०८० बाय २,४०० ठिपक्यांचा असेल, तर तेवढ्या वेळात जवळपास २८ हजार कोटी ठिपके रंगवून होतात. तळहाताला गरम लागतं ते काही उगीच नाही.

आता माणसाकडे वळू. डोळ्याला काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. पापणी एकदा मिटून उघडण्यातही सहा तरी फ्रेम जातात. मग ही पोरं इतक्या वेगात खेळतात कशी? पाहून खेळतच नाहीत. एका हद्दीपलीकडे डोळ्यांवर काम निभत नाही. पुढचा ठोका कुठे पडणार, हे हाताला आधीच ठाऊक असावं लागतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ‘टेट्रिस’मध्ये आहे. आपल्याकडे जत्रेत, बसस्टँडवर मिळणारा ‘९९९९ इन १’चा ब्रिक गेम आठवत असेल. खेळ मोजकेच, वेग आणि लेव्हल फिरवून आकडा फुगवलेला. (एका अर्थी तो प्रामाणिकच होता. वेग बदलला की खेळ वेगळाच होतो.) निन्टेन्डोच्या १९८९च्या ‘टेट्रिस’मध्ये पहिल्या पातळीवर ठोकळा एक ओळ उतरायला ४८ फ्रेम घेतो. पाट २० ओळींचा, म्हणून वरून तळापर्यंत १६ सेकंद. एकोणतिसाव्या पातळीवर एका ओळीला एकच फ्रेम. १६ सेकंदांचा प्रवास सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उरकतो.

खरी अडचण पुढेच आहे. बटण दाबून धरलं, तर ठोकळा लगेच एक घर सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर सहा फ्रेमला एकेक घर जातो. पाट मोकळा असला तरी हातात २० फ्रेम. तेवढ्यात सरकणार दोन घरं, कड चार-पाच घरं दूर. म्हणून २९वी पातळी म्हणजे खेळाचा शेवट, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग खेळाडूंनी बटण धरून ठेवणं सोडलं. अंगठा बटणावर हलका टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची. प्रत्येक बोटाच्या धक्क्याने बटण अंगठ्यावर आपटतं. याला ते ‘रोलिंग’ म्हणतात. तबल्यावर रेला वाजवणाऱ्याला ही चाल नवी वाटणार नाही. यातून सेकंदाला २० ठोके निघतात, दाबून धरलेल्या बटणाच्या दुप्पट. २१ डिसेंबर २०२३ रोजी विलिस गिब्सन या अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने याच रीतीने १५७वी पातळी गाठली आणि तिथे खेळच गोठला. ३४ वर्षांत माणसासमोर तो तसा कधी गोठला नव्हता.

गिब्सनचा कंट्रोलर समोरच्या यंत्राला तारेने जोडलेला होता. आर्वीच्या पोराचं तसं नाही. त्याचा सर्व्हर मुंबईत आहे असं धरू. सरळ रेषेत अंतर सुमारे ६०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून मुंबईला जाऊन यायला निदान ६ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असता, तर प्रकाशाचेच ३५ गेले असते, दोन फ्रेमांहून जास्त. वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पुलगाव–आर्वी नॅरोगेज रेल्वे, म्हणजे आपली ‘शकुंतला’, १९१७ साली सुरू झाली, लांबी ३५ किलोमीटर. त्या मार्गावर तंतू टाकला, तर एका फ्रेमच्या वेळात प्रकाश पुलगावला जाऊन यायच्या ४७ खेपा करील. शकुंतलेच्या प्रवाशांनी याची तुलना आपापल्या आठवणींशी करून पाहावी.

प्रत्यक्षात मात्र सहावर भागत नाही. टॉवर आणि वाटेतली यंत्रं धरून पिंग, म्हणजे जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, ४०-५० दाखवत असेल, तर पोरं खूश असतात. त्यांची तक्रार मोठ्या आकड्याबद्दल फारशी नसते. सतत ८० असेल, तर दोन-तीन सामन्यांत बोट तेवढं आधी पडायला शिकतं. पण ४०, १८०, ६०, २२० असं नाचू लागलं, की हाताला ठेकाच सापडत नाही. “काहून अटकून रायलं बे?” हा प्रश्न तिथला आहे.

खोळंबलेली माहिती येईपर्यंत फोन गप्प बसत नाही. समोरचा पळत होता, तर पळतच असेल असं धरून तो पुढची चित्रं काढत राहतो. मधल्या काळात पडद्यावरचा शत्रू हा अंदाज असतो. अंदाज चुकला की शत्रू एकदम भलत्याच जागी उगवतो. तुमच्याबद्दलही इतरांच्या फोनांत हाच अंदाज चालू असतो.

समजा पिंग अचानक २४० झाला. म्हणजे आपली हालचाल तिथे पोचून निकाल परत येईपर्यंत चौदा फ्रेम गेल्या. मुंबईच्या सर्व्हरने शत्रूची गोळी लागल्याची नोंद केली, आणि आर्वीतल्या पडद्यावर आपला गडी अजून पळतोय, भिंतीआड शिरतोय, वाकतोय. मग निकाल पोचतो आणि तो भिंतीमागेच कोसळतो. “बे, म्या त भितीमांगं होतो!” पोरगं खोटं बोलत नसतं. सर्व्हरही नाही.