रक्त बनते, पण टिकत का नाही?

"पोरगी सारखी दमते, डोळे पिवळट दिसतात, हातपाय ठणकतात." असे कुणी म्हटले की शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईत काय किंवा नागपूरच्या वस्तीत काय, सल्ला एकच मिळतो: बीट खाऊ घाला, लोहाच्या गोळ्या द्या. पण बंधू-भगिनींनो, रक्त कमी होण्याचे कारण दर वेळी लोहाची कमतरता नसते. कधी रक्त बनते, पण टिकत नाही.

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. शास्त्रज्ञ डेव्हिड शेमिन यांनी खुणेचा नायट्रोजन असलेले ग्लायसिन स्वतः खाऊन हे आयुष्य मोजले. तो शोध १९४६ साली प्रसिद्ध झाला.

आता प्रयोगशाळेत उंदरांवर अशी मोजणी होते. उंदराच्या शिरेत बायोटिन टोचतात. ते रक्तातल्या पेशींना खुणेसारखे चिकटते. मग काही दिवसांच्या अंतराने थेंबभर रक्त घेऊन खुणेच्या पेशी किती उरल्या ते यंत्राने मोजतात. नव्या पेशींवर खूण नसते. उंदराची पेशी साधारण ४० दिवस जगते. सिकलसेलचा मानवी जनुक घातलेल्या उंदरांत मात्र ती फार लवकर संपते.

सिकलसेलच्या रुग्णातही तेच घडते. पेशी विळ्यासारखी वाकते आणि १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून अंग ठणकते. हा दोष लोहाच्या गोळीने जात नाही. तरीही गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. कामधंद्याने, सोयरिकीने माणसे इकडेही येतात. तो स्पर्शाने पसरत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

आपण लग्नात पत्रिका पाहत नाही. मुलामुलीच्या रक्ताचा अहवाल मात्र सुपारीआधी जरूर पाहू या. आणि दुखणाऱ्या लेकराला "नाटक करते" म्हणण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मागू या.