हाक ऐकू येते, पण दिशा कळत नाही?

पत्र्याचे छत, उघड्या भिंती, खाली फरशी. अशा खोलीत आईने हाक मारली की तिचा आवाज आपल्या कानांवर अनेकदा येतो. आधी सरळ येतो, मग भिंतीवर आणि पत्र्यावर आपटून येतो. तरीही आपण बरोबर आईकडेच वळतो. हे कसे घडते?

उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. दोन कानांतला हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. आपटून आलेला आवाज लांबच्या वाटेने येतो, म्हणून उशिरा पोहोचतो. मेंदू पहिल्या आवाजावरून दिशा ठरवतो. १९४९ साली संशोधकांनी हे प्रयोगांतून दाखवून दिले.

एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर दोन कानांची ही तुलनाच नीट होत नाही. मूल हाक ऐकते, पण भलतीकडे बघते. आपण त्याला ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून रागावतो. रस्त्यावर हॉर्न कुठल्या बाजूने वाजला हे कळले नाही, तर जिवावर बेतू शकते.

म्हणून रागावण्याआधी दोन्ही कान तपासून घ्या. कानात तेल घालू नका. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; उशीर झाला तर ते परत येण्याची शक्यता कमी होते.

घरात जाड पडदा लावा, सतरंजी अंथरा. आवाज कमी घुमतो. आणि कमी ऐकणाऱ्याशी समोर येऊन बोलूया.