पळता घोडा हवेतल्या हवेत पाय कसा बदलतो? आणि त्याला हे शिकवतात कसं?

वाणगाव. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोडच्या मधलं स्टेशन. या पट्ट्यात वारली घरात लग्न निघालं की सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. लग्नचौकात पालघट देवी असते आणि देवचौकात पंचशिऱ्या, म्हणजे पाच डोकी असलेला देव. हा पंचशिऱ्या बसतो घोड्यावर. शेतात बैल, पण लग्नाच्या भिंतीवर मात्र घोडा.

भिंतीवरचा घोडा एका जागी थांबलेला असतो. खरा घोडा पळायला लागला की त्याच्या चार पायांचं काय चाललंय हे डोळ्यांना कळतच नाही. युरोपातले नावाजलेले चित्रकारसुद्धा यात फसले होते. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले आणि घोडा हवेत, असं चित्र ते वर्षानुवर्षं काढत राहिले.

मग जून १८७८ मध्ये अमेरिकेत पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने धावपट्टीशेजारी १२ कॅमेरे ओळीने लावले आणि पळत्या घोड्याचे फोटो काढले. चारही पाय एकाच वेळी हवेत असतात, हे खरं निघालं. पण त्या क्षणी पाय ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात.

याच क्षणात, डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्या वेळात, तयार घोडा आपले पाय बदलतो. याच्याच तयारीवर घोडेस्वार पदकं जिंकतात आणि यातच गडबड झाली तर वळणावर घोडा आणि स्वार दोघंही आडवे होतात. तर हा विषय नेमका काय आहे?

आधी चाली समजून घेऊ

घोड्याच्या मुख्य चाली चार. साधं चालणं, दुडकी, कँटर आणि भरधाव. दुडकीला इंग्रजीत ट्रॉट म्हणतात. कँटर ही दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल.

दुडकीत कर्णातले दोन पाय जोडीने पडतात. म्हणजे उजवा पुढचा आणि डावा मागचा एकत्र, मग डावा पुढचा आणि उजवा मागचा एकत्र. ताल दोनचा. उजवीकडे वळा नाहीतर डावीकडे, दोन्ही बाजू सारख्याच.

कँटरचा ताल मात्र तीनचा. मराठीत घोड्याचा आवाज काढताना आपण ‘टबडक, टबडक’ म्हणतो ना? तो बरोबर कँटरचा आवाज आहे. ट, ब, डक आणि मग क्षणभर शांतता. त्या शांततेत घोड्याचे चारही पाय हवेत असतात.

मग लीड म्हणजे काय?

लहान मुलं घोडा-घोडा खेळतात तेव्हा कशी पळतात ते आठवा. दोन्ही पाय सारखे टाकत नाहीत. एक पाय कायम पुढे आणि दुसरा त्याच्या मागून. दमली की पाय बदलतात.

घोडाही कँटरमध्ये हेच करतो. समजा तो उजव्या लीडवर आहे. आधी डावा मागचा पाय पडतो. मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकत्र पडतात. शेवटी उजवा पुढचा पाय, सगळ्यात लांब पुढे. या पुढे जाणाऱ्या पायावरून नाव पडलं, उजवं लीड. डाव्या लीडवर हाच क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो.

नियम सोपा आहे. उजवीकडे वळताना उजवं लीड, डावीकडे वळताना डावं. वळणाच्या आतल्या बाजूचे पाय पुढे असले की घोड्याचा तोल सांभाळला जातो. उलट लीडवर असताना अचानक घट्ट वळण आलं तर घोड्याला स्वतःचं वजन सावरणं अवघड जातं. तो अडखळतो, घसरतो, कधी पडतो.

रेसकोर्सवर याचा काय संबंध?

वाणगावहून डहाणू-चर्चगेट मार्गाने मुंबईकडे निघालात की त्याच रेल्वेमार्गावर पुढे महालक्ष्मी स्टेशन लागतं. बाजूलाच १८८३ पासूनचा महालक्ष्मी रेसकोर्स. इथे घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पळतात, म्हणजे वळण कायम उजवीकडे.

त्यामुळे वळणावर घोडा उजव्या लीडवर हवा. पण वळण संपून शेवटचा सरळ टप्पा आला की जॉकी त्याला डाव्या लीडवर आणायला बघतो. कारण एकाच लीडवर पळत राहिलं की त्या बाजूच्या पायांवर सतत एकाच प्रकारचा ताण येतो. लीड बदललं की तो ताण वाटला जातो. जड पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली की कसं बरं वाटतं, तसंच.

उडीच्या स्पर्धेतही हाच प्रश्न येतो. घोडा अडथळ्यावरून उडी मारून जमिनीवर येतो आणि पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे त्याला लगेच लीड जुळवावं लागतं. वेळ असतो जेमतेम काही पावलांचा.

आशियाई स्पर्धेतलं ते सुवर्णपदक

२६ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं होतं. त्याआधीचं यश १९८२ च्या दिल्ली स्पर्धेतलं.

संघात चार जण होते. मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. चारपैकी सर्वोत्तम तीन गुण धरले जातात. अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१ आणि दिव्यकृतीचे ६८.१७६. बेरीज २०९.२०५. दोन दिवसांनी अनुषने वैयक्तिक कांस्यही जिंकलं.

ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेणं. मैदान ६० बाय २० मीटरचं. परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा असे गुण देतात.

हांगझोऊत संघांनी जी परीक्षा दिली तिचं नाव प्री सेंट जॉर्जेस. तिच्यात घोड्याला मैदान तिरकं पार करताना दर चौथ्या पावलाला लीड बदलायचं असतं, असं पाच वेळा. मग दर तिसऱ्या पावलाला, पुन्हा पाच वेळा. न थांबता, न अडखळता, हवेतल्या हवेत. याला फ्लाइंग चेंज म्हणतात.

ऑलिम्पिकच्या ग्राँप्री पातळीवर तर सलग १५ पावलांत प्रत्येक पावलाला लीड बदलावं लागतं. लांबून पाहिलं तर घोडा उड्या मारत नाचतोय असंच वाटतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अनुष आणि त्याचा घोडा सर कॅरामेलो यांनी ही परीक्षा दिली. ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय.

पण घोड्याला हे शिकवतात कसं?

इथेच खरी गंमत आहे. लीड बदलणं घोड्याला शिकवावं लागतच नाही. मोकळ्या रानात बागडणारं शिंगरू वळताना आपोआप लीड बदलतं. कुणी टाच मारत नाही, कुणी लगाम ओढत नाही.

अडचण आहे ती पाठीवर माणूस बसल्यावर. त्याच्या वजनाने घोड्याचा तोल बदलतो. आणि आता घोड्याने हवं तेव्हा नाही, तर स्वार सांगेल तेव्हा लीड बदलायचं असतं. म्हणजे शिकवायची असते ती खूण. ती समजेल एवढा घोडा आधी तयार लागतो. ही तयारी साधारण चार टप्प्यांत होते.

पहिला टप्पा, दोन्ही लीडवर चांगला कँटर. २० मीटरच्या गोलात घोड्याला आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पळवतात. माणूस जसा डावरा किंवा उजवा असतो, तशी घोड्याचीही एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. अवघड बाजू सोपीच्या जवळपास येईपर्यंत पुढे जायचं नसतं. कँटरची खूण म्हणजे स्वाराचा बाहेरच्या बाजूचा पाय खोगिराच्या पट्ट्याच्या थोडा मागे, आतला पाय पट्ट्याजवळ आणि मांड स्थिर.

दुसरा टप्पा, साधा बदल. घोडा कँटरमधून थेट चालीवर येतो, तीन ते पाच पावलं चालतो आणि दुसऱ्या लीडवर पुन्हा कँटर सुरू करतो. ऐकायला सोपं वाटतं, पण घोड्याला वजन मागच्या पायांवर घ्यायला शिकवणारा हाच टप्पा. त्यातून तो स्वाराची खूण ऐकायलाही लागतो.

तिसरा टप्पा, मुद्दाम उलट लीड. म्हणजे उजवीकडे वळायचं, पण डाव्या लीडवर राहून. वर उलट लीड धोक्याचं म्हटलं आणि इथे तेच शिकवायचं? हो. पण हळू गतीत आणि मोठ्या, सौम्य वळणावर. यातून घोडा तोल सांभाळायला शिकतो. शिवाय वळण आलं म्हणून लीड बदलायचं नाही, खूण आली की बदलायचं, हेही त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

चौथा टप्पा, हवेतला बदल. आता गोलातून बाहेर येऊन घोडा मैदान तिरकं पार करतो आणि पलीकडे पोहोचता पोहोचता स्वार खूण बदलतो. आधीचा बाहेरचा पाय पुढे, आतला मागे. हे करायचं चारही पाय हवेत जाण्याच्या किंचित आधी. पाय हवेत गेल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो, कारण क्रम ठरवणारा मागचा पाय खाली यायला निघालेला असतो.

आणि बदल नीट झाला की? लगाम सैल, मानेवर थाप, त्या दिवसापुरतं काम बंद. पुन्हा एकदा करून बघू, हा मोह टाळायचा असतो. कारण दहा वेळा घोकून घेतलं की घोडा खूण यायच्या आधीच बदलायला लागतो किंवा घाबरून धावत सुटतो.

चुकतं कुठे?

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पुढचे पाय बदलतात आणि मागचे जुन्याच लीडवर राहतात. अशा वेळी घोडा पुढून उजवा आणि मागून डावा पळतो. पाठीवर बसलेल्याला खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखे धक्के बसतात. परीक्षक गुण कापतात, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे घोड्याचा तोल जातो.

याचं कारण बहुतेक वेळा स्वारातच असतं. बदलाच्या क्षणी तो अंग एका बाजूला झोकतो किंवा लगाम जोरात ओढतो. मग पुढचे पाय वाकड्या दिशेने जातात आणि मागच्यांना क्रम बदलायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. घोडा एका बाजूचं लीड सतत टाळत असेल, बदल मागितला की कान मागे टाकत असेल, शेपटी झटकत असेल, तर तो हट्टी असेलच असं नाही. त्याची पाठ दुखत असू शकते. मागच्या पायाच्या सांध्यात त्रास असू शकतो. खोगीर रुतत असू शकतं, नाल नीट बसलेली नसू शकते. घोड्याला ओरडून सांगता येत नाही, तो फक्त नाही म्हणतो. अशा वेळी चाबूक उचलणारा शिक्षक घोड्याला एकच गोष्ट शिकवतो, की कँटर म्हणजे दुखणं. त्यानंतर तो घोडा दुरुस्त करायला कित्येक महिने जातात. आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं आणि मग शिकवायचं, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

जुन्या मराठीत घोडा तयार करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. शब्दात चाबूक असला तरी या कामात लागतो तो संयम.

आपल्याकडच्या घोड्यांचं काय?

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठियावाडी घोड्याची रेवाल चाल बघितली जाते. या चालीत पाय एकामागून एक पडतात आणि स्वाराला धक्का जवळपास लागतच नाही. त्यामुळे तिच्यात कँटरसारखं लीड नसतं. पण हेच घोडे कँटर करायला लागले की नियम तोच. टबडक, टबडक आणि मधली ती शांतता.

रीलमध्ये लीड कसं ओळखायचं?

पुढच्या वेळी फीडमध्ये घोड्याची रील आली तर ती स्लो मोशनमध्ये लावा. दोन पुढच्या पायांपैकी कुठला जास्त लांब पुढे पडतोय ते बघा. तेच लीड. घोडा वळत असेल तर वळणाच्या आतला पाय पुढे आहे का ते बघा.

नसेल, वळण घट्ट असेल आणि वर बसलेला माणूस लगाम खेचून चाबूक मारत असेल, तर ती स्टाइल नाही. तो घोडा तोल सावरायची धडपड करतोय. लाईक करायच्या आधी एवढं बघायला हरकत नाही.